राजपुत्राचे अश्रू

ताई कितीतरी वर्षं मुलांसाठी लिहीत होती. तिच्या जादूच्या राज्यांतले नायक खरं बोलायचे, जखमी पाखरं उचलायचे, आणि तिची पुस्तकं दुकानाच्या खालच्या फळीवर धूळ खात पडायची. धाकट्या बहिणीने मात्र पहिल्याच कादंबरीत काळजाच्या जागी दगड असलेला राजपुत्र उभा केला. सख्ख्या भावाला तटावरून ढकलून तो शांतपणे न्याहारीला बसतो. ना लाज, ना खंत. आणि कॉलेजातल्या मुली त्याच्यावर जीव ओवाळून टाकत होत्या.

पुस्तकांच्या दुकानात अशीच एक मुलगी ताईकडे धावत आली. "तुम्हीही लिहिता ना?"

ताईचा चेहरा खुलला.

"मग तुमच्या बहिणीला सांगा ना, राजपुत्राला मारू नका म्हणावं!"

घरी पोचेपर्यंत ताई नुसती धुमसत होती.

त्याच आठवड्यात धाकटी दुसऱ्या भागाचा कच्चा खर्डा घेऊन आली. ताईच्या स्वयंपाकघरात बसत म्हणाली, "शेवटी तो रडतो गं. भावाच्या समाधीपाशी. प्रकाशक म्हणतात, काढून टाका. तुला काय वाटतं?"

ताईने ते पान वाचलं. दगडावर भाळलेल्या पोरींना हे पाणी मुळीच रुचणार नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिने जिभेवर साखर घोळवली.

"ठेव की! उलट आणखी रडू दे. धाय मोकलून."

मग तिने चहा गाळून दोघींचे कप भरले. हात जराही हलला नाही.

पुस्तक आलं आणि वाचक खवळले. 'आमच्या वाघाची शेळी केली!' वाचक मेळाव्यात एकीने उठून विचारलंच, "हे रडणं कुणी सुचवलं तुम्हाला?"

मागच्या रांगेत बसलेली ताई पुढच्या बाईच्या आड सरकली.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "माझं मीच ठरवलं."

नंतर जिन्यात ताईने तिला गाठलं. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझा काय संबंध? तू थाप मारतेयस हे तेव्हाच कळलं मला. माझं काही खरंच आवडलं, की तू आधी चार चुका काढतेस."

"मग ठेवलंस कशाला?"

"मला तो रडायला हवा होता. दगड किती दिवस लिहू? कंटाळा आला."

एवढं बोलून ती सह्या करायला गेली. चिडलेल्या मुलीसुद्धा रांग लावून उभ्या होत्या.

ताई कठड्याला टेकून राहिली. शरम वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. एवढा दात धरून चावा घेतला, आणि हिला साधा ओरखडाही नाही!

"ताई, पेन संपलं गं. तुझं दे."

ताई टेबलापाशी गेली. पेन पुढे करत हळूच म्हणाली, "ते रडण्याचं पान... चांगलं जमलंय."

धाकटीने मान वर केली. "आता खरं बोलतेस?"

"हो ना. म्हणून तर जीव जळतोय."