सोमवारची गाडी

आमच्या फ्रिजच्या दारावर एक आकडा चिकटवलेला आहे. नवऱ्याने तो जाड पेनाने लिहिला, खाली दोनदा रेघ ओढली आणि जाहीर केलं, "गाडीसाठी एवढेच. याच्यावर एक पैसा नाही." आकड्याबद्दल घरात कुणाचंच दुमत नाही. त्या आकड्यात काय आणायचं यावर मात्र नऊ आठवडे खल चालला होता. तेवढ्या वेळात मुंगीला दोन दाढा आल्या.

मुंगी म्हणजे आमची लेक. अडीच वर्षांची, आणि कुठल्याही फटीतून आत शिरणारी.

त्या आकड्यात तीन गाड्या बसत होत्या. एक छोटी, पण नवीकोरी. एक लांबलचक, मोठ्या डिकीची, चार वर्षं वापरलेली. आणि तिसरी त्याहून म्हातारी, पण सात जण बसतील अशी. तीनातली एक उचलायची, इतकंच. पण आमच्या घरात 'इतकंच' असं काही नसतं.

नवरा जमिनी मोजणारा सर्व्हेअर. मोजल्याशिवाय तो खिळाही ठोकत नाही. त्याने गाड्यांचा तक्ता केला, त्यात सतरा रकाने, आणि दर शुक्रवारी अठरावा सुचायचा. सासऱ्यांनी एकतीस वर्षं बस चालवली. त्यांना उंचावरून रस्ता दिसला पाहिजे. "बाकीच्यांच्या चाकांशी बोलत जायचं असेल तर सायकल काय वाईट आहे?" असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंना मायलेज, एअरबॅग, कशाशीच देणंघेणं नाही. त्या शोरूममध्ये जाऊन फक्त दार लावतात. लावतात, कान देऊन ऐकतात, पुन्हा लावतात. आवाज धप्प आला तर गाडी चांगली, खण्ण आला तर पत्र्याचा डबा. आणि नणंदबाई फोनवरून. त्या वर्षातून दोनदा आपली दोन मुलं सुटीला आमच्याकडे पाठवतात. म्हणून सात जणांची.

मी काय म्हणत होते? मी पहिल्या आठवड्यातच म्हटलं होतं की मला कामाला परत जायचंय आणि त्यासाठी गाडी लागेल. त्यावर नवरा मान डोलावून म्हणाला, "हो हो, तू पण वापरशीलच की."

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा म्हटलं. "म्हणजे काय, तू पण वापरशील." चौथ्यात म्हटलं. सहाव्यात म्हटलं. ते 'तू पण' ऐकलं की माझ्या हातातलं भांडं जरा जास्त जोरात खाली ठेवलं जायचं. त्याचा आवाज सासूबाईंनीसुद्धा कधी कान देऊन ऐकला नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंगीच्या आधी मी घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, आणि दवाखान्याची गाडी चार वर्षं मीच चालवत होते. ती गाडी आता भंगारात गेली. आमच्या डॉक्टरबाईंनी माझ्यासाठी सहा पेशंट राखून ठेवले होते, एकाच अटीवर, की गाडी माझी हवी. त्यांतले एक निवृत्त हेडमास्तर. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. बाई म्हणाल्या, ते रोज विचारतात, नवीन मुलगी कधी येणार.

शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला. "एक तारखेला सोमवार आहे. नऊ दिवस राहिलेत. गाडी झाली का?"

"चाललंय बाई."

"चाललंय हे तू महिनाभर सांगतेयस. मला हेडमास्तरांना आणखी ताटकळत नाही ठेवता येत गं. या आठवड्यात नक्की झालं नाही तर मी दुसरीला देते. राग मानू नकोस."

राग कसला मानणार? खरं तेच बोलत होत्या. मी फोन ठेवला आणि घरात सांगितलं. सगळे गंभीर झाले. नवरा म्हणाला, "बरोबर आहे, आता निकाल लावूच." माझ्या जिवात जीव आला. मग तो म्हणाला, "उद्या प्रत्यक्ष आखणी करतो."

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, आमच्या वाट्याच्या चौकोनात, माझा नवरा गुडघ्यांवर बसून खडूने गाड्या आखत होता. मुंगीचे रंगीत खडू, स्वतःची टेप. लांब गाडी निळी, सात जणांची लाल, छोटी पिवळी, एकीच्या आत एक. दारं किती उघडतील त्याच्या कमानीसुद्धा काढल्या. मुंगी त्याच्यामागून फिरत प्रत्येक गाडीत एकेक गोळा काढत होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"कुत्रा."

"तीन कुत्रे?"

"एकच. तो फिलतो."

मग घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या खाली आल्या. नवऱ्याला तीनही गाड्यांत 'प्रत्यक्ष बसून' बघायचं होतं. लालपासून सुरुवात. पुढे उजवीकडे नवरा, डावीकडे सासरे. मधल्या रांगेत सासूबाई, स्वतःची उशी घेऊन. मागच्या दोन खुर्च्या रिकाम्या, नणंदबाईंच्या मुलांसाठी. आणि मी मध्ये, सासूबाई आणि मुंगीच्या खुर्चीच्या बेचक्यात, गुडघे हनुवटीला लावून. माझी खुर्ची कमी पडली म्हणून मला स्टूल मिळालं होतं.

"पाय पुरतात का?" नवऱ्याने मागे वळून विचारलं.

"कुणाचे?"

"आईचे."

"मला मोकळं आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण दार कुठंय? दार लावल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

सासरे हवेत स्टिअरिंग धरून बसले होते. "अरे, तू असा खांदे कानाशी नेऊन बसू नकोस. बस चालवायला बसलास की बोहल्यावर?"

"बाबा, ही बस नाही."

"तेच तर दुखणं आहे."

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पेपर आणायला निघाले होते. आम्हाला तसं रांगेत बसलेलं बघून त्यांनी विचारलं, "कुठे निघालात सगळे?" नवरा सरळ चेहऱ्याने म्हणाला, "अजून ठरलं नाही."

तिथे माझा बांध फुटला. ओरडले नाही. मुंगी माझ्या दंडाला डोकं टेकून पिवळा खडू चोखत होती. तो तिच्या तोंडातून काढता काढता मी म्हटलं, "हा रविवार झाला. आता सोमवार करून बघू."

"म्हणजे?"

"म्हणजे आज सोमवार आहे. सकाळचे सव्वाआठ वाजलेत. ज्याने त्याने आपापल्या जागी जायचं. तू कुठे असतोस?"

नवऱ्याने घड्याळ बघितलं, जणू तिथे वार लिहिलेला असतो. "ऑफिसच्या बसमध्ये."

"मग उतर."

तो उतरला. खरंच उतरला, खडूच्या दाराच्या कमानीतून.

"बाबा, तुम्ही?"

"मी बागेत. चालायला."

"आई?"

"मी घरी. सव्वाआठला माझी आंघोळ," सासूबाई म्हणाल्या, आणि उशी घेऊन उठल्या. उठताना हळूच पुटपुटल्या, "ही मागची दोघं तर त्यांच्या गावी शाळेत."

लाल गाडीत आता पाच रिकाम्या खुर्च्या, एक स्टूल, मी आणि मुंगी. मी स्टुलावरून उठले, पुढे उजवीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून एवढं सगळं रिकामं मागे घेऊन निघायचं, मुंगीच्या पाळणाघराच्या अरुंद बोळात शिरायचं, सहा घरांसमोर जागा शोधायची. मी हवेत स्टिअरिंग धरलं. बोलून नऊ आठवडे झालेच होते.

सासरे हात मागे बांधून लाल रेषेच्या कडेकडेने एक फेरी मारून आले. "रिकामी गाडी न्यायला आम्हाला फार जिवावर यायचं," ते म्हणाले. "शेवटच्या फेरीला कुणीच नसायचं. डिझेल तेवढंच, वळणं तीच, आणि आरशात नुसत्या सीटा." मग नवऱ्याकडे बघून म्हणाले, "पूस ही."

"बाबा, पण तक्त्यात..."

"पूस म्हणतोय ना."

नवऱ्याने चपलेने लाल पुसली. मग निळीकडे बघत उभा राहिला. एकदम वळून वर धावत गेला. मला वाटलं रागावला. पण तो माझं घडीचं टेबल घेऊन खाली आला, पेशंटला झोपवायचं, अडीच वर्षं कपाटामागे पडलेलं. वर धुळीचा थर. ते त्याने स्वतःच्या शर्टाने पुसलं आणि पिवळ्या गाडीच्या डिकीत ठेवलं. वीतभर बाहेर आलं.

"नाही बसत," तो म्हणाला. म्हणजे पुन्हा ती बोळात न वळणारी निळी, पुन्हा रकाने, पुन्हा पुढचा रविवार.

"मागची अर्धी सीट पाड," मी म्हटलं.

त्याने एक खुर्ची उचलून बाजूला ठेवली, टेबल आत सरकवलं, टेप लावली. मुंगीची खुर्ची त्याच्या शेजारी नीट बसली. "चार बोटं उरतात," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने विचारलं, "तुला आणखी काय काय न्यायचं असतं?"

नऊ आठवड्यांनी! मला त्याला टेपसकट गुंडाळून डिकीत कोंबावंसं वाटलं. "मोठा चेंडू असतो," मी म्हटलं. "हवा काढून नेता येतो."

"आमची रविवारची सोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"रविवारी टेबल घरी, तुम्ही गाडीत."

"म्हणजे टेबलाच्या जागी मी."

"गप्प बसा हो," सासूबाई म्हणाल्या. "टेबल निदान मधे बोलत तरी नाही."

दुपारी आम्ही सगळे छोट्या गाडीच्या शोरूममध्ये. विक्रेता आम्हाला ओळखत होता. आमची ही पाचवी वारी, त्यामुळे त्याने खुर्च्याही मांडल्या नाहीत. म्हणाला, "पांढरी हवी असेल तर सहा आठवडे लागतील. ही मागे उभी आहे ती मात्र शुक्रवारी देतो."

ती मागे उभी होती तिचा रंग उकडलेल्या बटाट्यासारखा होता. तो कुणालाच नको होता, हे उघडच होतं. नवऱ्याने खिशातून तक्ता काढला. "रंगाचा रकाना..."

"हीच," मी म्हटलं.

"एक मिनिट, आपण जरा..."

"हीच. शुक्रवारी."

विक्रेत्याने सवयीने चावी नवऱ्यापुढे धरली. नवऱ्याचा हात निम्मा पुढे गेला, मग थांबला. "त्यांना द्या," तो म्हणाला, "सीट त्यांच्या उंचीला लावायचीय." आणि मी बसल्यावर वाकून माझी सीट पुढे घ्यायला लागला, एकेक खाच मोजत. मुंगी मागच्या सीटवर चढून तिथे कुत्रा शोधत होती.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. "बाई, हेडमास्तरांना सांगा, सोमवारी येते."

सासूबाईंनी मागचं दार लावलं. खण्ण. पुन्हा लावलं. पुन्हा खण्ण. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आवाज काही खरा नाही," त्या म्हणाल्या. मग नातीचा पाय दाराच्या वाटेतून आत सारून त्यांनी ते तिसऱ्यांदा लावलं, बाहेरून ओढून बघितलं. "पण लागतं घट्ट."