लोरीनच्या बोटांचे ठसे

"हात सैल सोडा, बाई," शेरीफच्या पोलिस कचेरीतली मुलगी लोरीनचं बोट काचेवर टेकवत पुन्हा म्हणाली. दिवा काही हिरवा होईना. दहा बोटांपैकी जेमतेम दोनांचे ठसे उठले.

"फरशा बसवायचात का तुम्ही?"

"वीस वर्षं."

"तरीच. सिमेंटनं रेषा खाऊन टाकल्यात. दहा दिवसांनी परत या. तेव्हाही उठले नाहीत, तर जुन्या गुन्ह्यांची तपासणी नुसत्या नावावरून होईल."

नुसत्या नावावरून! गाडीत बसल्यावर लोरीनला हसू आलं. एकोणीस वर्षांची असताना, दुसऱ्या राज्यात, एका टोणग्याच्या नादी लागून तिनं त्याच्या आजीच्या चेकवर आजीची खोटी सही ठोकली होती. तीस दिवस तुरुंगाची हवा खाल्ली होती. घरांची किंमत ठरवायच्या परवान्याच्या अर्जात 'कधी शिक्षा झाली आहे का' याच्यापुढे तिनं 'नाही' लिहिलं होतं आणि ज्या नावावर ती शिक्षा होती, त्या लग्नाआधीच्या नावाच्या रकान्यात रेघ ओढली होती. नाव तोंड उघडणार नव्हतं. बोटं तेवढी बोलली असती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. टपालवाल्याची गाडी कोपऱ्यावर दिसली तरी तिला घाम फुटे.

तिला हे काम शिकवणारा मर्ल हॉगेन एकाहत्तर वर्षांचा. दोन वर्षं त्याच्या मागे टेप धरून ती विस्कॉन्सिनभर घरं मोजत फिरली होती. परीक्षा झाली होती, शिकाऊ कामाचे तास भरले होते, अर्जावर हमी म्हणून मर्लची सही होती. ठसे नापास झाल्याचं कळल्यावर त्यानं हिरवा डबा तिच्या मांडीवर टाकला.

"गाईच्या सडांना लावायचं मलम. माझ्या आईचे हात यानंच मऊ राहिले. दिवसातून तीनदा लाव. आणि भांडी नवऱ्याला घासू दे, बिघडत नाही काही."

"बरं," ती म्हणाली. डबा घरी फडताळात गेला, तो गेलाच.

चौथ्या दिवशी तर तिनं कहर केला. गॅरेजमध्ये, काही गरज नसताना, उघड्या हातांनी सिमेंट कालवलं. बोटं चुरचुरायला लागली तेव्हा तिला स्वतःची किळस आली, पण हात काही तिनं बाहेर काढले नाहीत.

पाचव्या दिवशी एका घराचं तळघर तपासायचं होतं. मालक वर कॉफी करत होता. मर्लनं उत्तरेच्या भिंतीवरून तळवा फिरवला.

"रंग ताजा आहे. आणि फक्त ह्याच भिंतीला. काय लिहिशील?"

"मागे भेग असावी."

"भेगेचं मला काही वाटत नाही गं, भेग बुजवता येते. पण लपवली, की मग छपरापासून मोरीपर्यंत सगळंच पुन्हा तपासावं लागतं."

लोरीनच्या हातातला टेप सर्रकन आत गेला. "मर्ल, मी अर्जात खोटं लिहिलंय," ती म्हणाली, आणि तिथेच, त्या ओल्या जमिनीवर उभं राहून तिनं आजीपासून सिमेंटपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मर्लचा चेहरा उतरला. "माझी सही आहे त्यावर, लोरीन. चाळीस वर्षांची सही."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं आणि केलंस?"

तिला रडू फुटलं. तो जिना चढून गेला. तिला गाडीतून उतरवताना एवढंच म्हणाला, "अर्जाच्या दुरुस्तीचा कागद लिही आणि मला आणून दे. आणि ते मलम लाव."

तिनं लावलं. दिवसातून तीनदा कसलं, सहादा. रात्री हातमोजे घालून झोपली. कागद मर्लच्या दारातल्या पेटीत टाकला, तरी त्याचा फोन नाही. आता तो सही मागे घेणार, हे तिनं मनाशी धरूनच टाकलं.

दहाव्या दिवशी मर्ल कचेरीच्या दारात उभा होता. त्यानं बंद न केलेलं पाकीट तिला दिलं आणि हातानंच 'जा आत' म्हटलं. पाकिटातल्या कागदावर तिच्या दुरुस्तीखाली त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'भेग मी स्वतः पाहिली आहे. माझी सही कायम. मर्ल हॉगेन.'

"चला, बाई," मुलगी म्हणाली. "हात सैल सोडा."

पहिला दिवा हिरवा झाला.