मोरचुदाचे खांब

चांगुणाच्या माहेराहून दोन गाई आल्या होत्या, त्यांच्यापासून तिच्या नवऱ्याचं, कानिफनाथाचं सारं खिल्लार वाढलं. तिसगावच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गवताचं कुरण होतं. शेती नावापुरती. खरा धंदा गोऱ्हे वाढवायचे आणि औताला लागण्याजोगे झाले की विकायचे. त्यांचा गोऱ्हा बाजारात उभा राहिला की पाथर्डीकडची माणसं दुसरीकडे फिरत नसत.

कुरणाला बाभळीच्या खांबांचं कुंपण होतं. वरून धडधाकट, पण जमिनीलगत वाळवीनं पोखरलेलं. त्या साली माघात एका दांडग्या गोऱ्ह्यानं अंग घासलं आणि कुंपणाची एक बाजूच आडवी झाली. तिथून लांडगे शिरले, दोन वासरं गेली. त्यांतल्या एकाची आई चांगुणाला धार काढू देईना. सारखी कुरणाकडं तोंड करून हंबरायची.

लोखंडी तार जर्मनीशी चाललेल्या लढाईपायी बाजारातून नाहीशी झाली होती.

"लाकूडच घेऊ," कानिफनाथ म्हणाला. "पन आपल्या मागं बी उभं ऱ्हाईल असं."

दोघं बैलगाडी जोडून नगरला गेली. वखारवाल्यानं त्यांना दोन ढीग दाखवले. एक काळा, डांबराच्या तेलात उकळलेल्या खांबांचा. दुसरा हिरवट, मोरचुदाच्या औषधात मुरवलेल्या खांबांचा. वाळवी दोन्हीच्या वाटेला जात नाही, म्हणाला.

कानिफनाथानं काळ्या खांबावर हात ठेवला. "हेच घेऊ. रेलच्या रुळाखाली असंच असत्यात."

चांगुणानं पदराचं टोक त्याच खांबावर घासलं. काळा डाग पडला. वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवं, वासरं ह्येच्यावर नाकं घासत्याल," ती म्हणाली. "उन्हाचं हे तेल पाझरंल. गाईंच्या अंगाला लागंल, कातडी जळंल त्येंची. हिरवेच घ्या."

कानिफनाथानं काळ्या खांबावरचा हात काढला. गुरांतलं तिला जास्त कळतं हे तो मानत होता. "बरं. तू म्हनतीस तर हिरवे."

गाडीत खांब चढवताना वखारवाल्यानं सांगितलं, "आत्ताच टाकीतून काढलेत. एक पावसाळा उघड्यावर पडू द्या. औषध मिठासारखं वर येतं, ते धुऊन जाऊ द्या. तोवर जनावर जवळ नको."

दोघांनीही ऐकलं. दोघांनीही मान हलवली.

खांब घराच्या मागं रचून ठेवले. पावसाला अवकाश होता. चैत्रात लांडगे पुन्हा आले आणि या खेपेला गाभण कालवडीचं मागलं अंग फाडून गेले. ती जगली नाही. त्या सकाळी कानिफनाथ पहार घेऊन निघाला, तेव्हा चांगुणानं त्याला अडवलं नाही. उलट घडा भरून घेतला आणि एकेक खांब ओल्या फडक्यानं पुसून काढला. पांढरी भुकटी निघून गेली, हिरवं लाकूड लखलखीत झालं. पाऊस तरी आणखी काय करणार, असं तिला वाटलं. खड्ड्यांत दगड ठेचून ठेचून दोघांनी खांब रोवले, आडव्या बल्ल्या ठोकल्या. कुंपण असं भक्कम झालं की कानिफनाथ त्यावर चढून बसला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

वैशाखातलं ऊन लाकडावर पडलं आणि आतलं औषध पुन्हा वर आलं. चांगुणाला ते दिसलं नाही, कारण ते तिथं राहतच नव्हतं. गवत वाळून गेलेलं, गुरं खारटाला हपापलेली. दुपारी सारी कुंपणाला लागून उभी असत. सावलीला उभी आहेत, असं ती समजत होती.

पहिल्यांदा खाली बसली ती माहेरच्या गाईची लेक, हरणी. तोंडातून लाळ, दात करकर वाजत होते, पोट आवळून येत होतं. चांगुणानं तिला ताक पाजलं, गूळ पाजला. दिवस मावळायच्या आत हरणी गेली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी बसल्या.

पाथर्डीहून ढोरांचा डॉक्टर आला. बुळकांडीची साथ असेल म्हणून तो आधी गुरांची तोंडं तपासत होता. मग त्याला एक गोऱ्हा खांब चाटताना दिसला. त्यानं खांबावरून बोट फिरवलं, पाहिलं, धोतराला पुसलं.

"हे कुठून आणलं?"

कानिफनाथानं सांगितलं.

"मोरचुदाबरोबर सोमल असतो यात. विष आहे हे, बाई. उरलेली आत्ता बाहेर काढा."

"मी पुसलं हुतं," चांगुणा म्हणाली. "समदे पुसले हुते."

"पुसून जात नाही ते."

गुरं बाहेर काढली. पण बहुतेकांच्या पोटात ते गेलं होतं. कुरणात मोठा खड्डा खणावा लागला. वाचली एक म्हातारी गाय, जिला दात नसल्यानं घरामागंच भिजवलेला कोंडा घालत, आणि घराजवळच बांधलेले गाडीचे दोन बैल. कानिफनाथ त्या दिवसांत बायकोला एक शब्द टाकून बोलला नाही. तेच तिला सोसवेना.

"तुमी काळे घ्यायचं म्हनत हुता," शेवटी तीच म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. एवढंच.

दोन्ही बैल घेऊन तो देवळाली प्रवरेला निघाला, उसाच्या गाड्या ओढायला. परत कधी येणार, हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

खांब जाळायचे नाहीत, धूरही विषारी, असं डॉक्टर बजावून गेला होता. गावातले दोघंजण गोठ्यासाठी मागायला आले, त्यांना चांगुणानं हाकलून लावलं. मग तीच पहार घेऊन खांब उपटायला बसली. पहिल्याच खांबाभोवती हातभर खणलं तरी तो हलेना. दगड तिनंही ठेचले होते. हाताला फोड आले. दुपारभर खणून ती त्या खड्ड्याशी बसून राहिली.

संध्याकाळी म्हातारी गाय तिच्याजवळ येऊन उभी राहिली. चांगुणानं तिला दाव्याला धरून घराकडं नेलं आणि दारातच बांधलं.