माव्याची माय

झरीच्या लिंबाजींचं पत्र मला १९७४ च्या डिसेंबरात आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. सोबत एक काडेपेटी होती. तिच्यात एक वाळलेला किडा होता. काळा, चपटा, पाठीवर केशरी ठिपके.

"सविनय जयभीम," असं लिहून लिंबाजींनी विचारलं होतं, "आपला लेख वाचला. काळ्या ठिपक्यांचा लाल भुंगा पिकाचा रस शोषणारी मावा कीड खातो, त्याला मारू नका, असं आपण लिहिलंत. आम्ही मारत नाही. सोबतचा किडा मात्र मावा असेल तिथे असतोच. आमची आई त्याला माव्याची माय म्हणते, रोज वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकते. तरी वालावरचा मावा वाढतोच आहे. फवारणी करावी का? कळवावे."

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला कारकून. पेपरात लेख लिहिला तो पुस्तकं वाचून. पान उलटं करून मी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकात त्या भुंग्याच्या अळीचं पुसट चित्र होतं, काडेपेटीतल्या किड्यासारखंच. पण सारखं म्हणजे तेच का? चुकीचं सांगितलं तर? एका प्राध्यापकांना दाखवावं म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मग पत्र राहूनच गेलं.

चौदा महिन्यांनी माझ्या परसातल्या वालावर तसलीच अळी दिसली. शेंड्यासकट बरणीत ठेवून वर फडकं बांधलं. ती दिवसभर मावा खायची. पुढे पानाला चिकटून निपचित झाली. मेली, असंच मला वाटलं. पाचव्या दिवशी तिच्यातून पिवळट भुंगा निघाला. संध्याकाळपर्यंत तो लाल झाला, पाठीवर काळे ठिपके उमटले.

माझ्या लेखात भुंग्याच्या पिलाबद्दल एक ओळही नव्हती.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने झरीला गेलो. तोंडानेच सांगायचं ठरवलं होतं. लिंबाजी परगावी गेलेले. मळ्यात त्यांची आई सरजाबाई आणि बायको पंचफुला कोबीची रोपं लावत होत्या.

"कोन पाव्हनं?" सरजाबाईंनी विचारलं.

"परभणीहून आलो, सहज. वाल नाही का लावला यंदा?"

"कशाचा वाल! मागल्या साली लेकानं औषिद मारलं. आठ रोज मावा गेला, मग दुप्पट आला. सारे येल उपटून फेकले. पयलं पानापानावर कोळ्याचं जाळं असायचं, त्ये बी गेलं."

पंचफुला म्हणाली, "आत्याबाई, त्या पेपरवाल्याचं सांगा की."

"त्येला कागद लिवला हुता, दादा. लय शिकलेला हाय म्हनं. पन आलेलं टपाल वाचता येत नसंल बिचाऱ्याला!"

दोघी हसल्या. मीही हसलो. तेव्हाच सांगायचं होतं.

"मग आता मावा आला तर?" एवढंच विचारलं.

"आता मायच ठिवत न्हाई. साऱ्या बायांला दावलंय. मळ्यामळ्यानं येचायल्यात." त्यांनी डबा पुढे केला. "ह्या आजच्या, शेजारनीच्या वालावरच्या."

रॉकेलच्या पाण्यावर तीस-चाळीस अळ्या तरंगत होत्या. दोन-तीन अजून पाय हलवत होत्या.

"येतो," म्हणून मी निघालो.

घरी पोचलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, हे मला ठाऊक होतं. गावातल्याच टपाल कचेरीत आंतरदेशीय पत्र घेतलं आणि खिडकीच्या फळीवर लिहिलं:

"तो किडा माव्याची माय नाही, भुंग्याचं पिलू आहे. मावा खाऊनच ते मोठं होतं. वेचणं आजच थांबवा, सगळ्या बायांना सांगा. आईंची चूक नाही. मी लेखात अर्धंच लिहिलं आणि विचारल्यावर गप्प बसलो. तुमचा वाल त्यामुळे गेला. आज मळ्यात आईंना भेटून गेला तो मीच."

खाली पूर्ण नाव, पत्ता लिहिला.

टपालबाबूंनी पत्ता वाचला. "झरीतून झरीलाच? अहो, हातानंच द्या की. त्यो काय, नाल्यापल्याड मळा."

"नको," मी म्हणालो, "टपालानेच जाऊ द्या," आणि पत्र पेटीत टाकलं.