अकरा सह्या

रेणुकादास सरांनी माझा केसाने गळा कापला, हे मी आता मोठ्याने सांगते. पंधरा वर्षं त्यांच्या शाळेत गणित शिकवलंय मी, तेव्हा ऐकणाऱ्याने उगाच नाक मुरडू नये.

भूकंप झाला तेव्हा मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. औशाच्या तलाठ्याची पोर मी. किल्लारीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये कुणी सर मुलांना शिकवतात असं कळलं म्हणून बघायला गेले आणि तिथलीच झाले. शेडमध्ये सरांचा एकच नियम होता. ज्याला कळलं नाही त्याने पुढे येऊन बसायचं. सगळ्यात कच्चं मूल सरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि त्याला उमजेपर्यंत पुढचं गणित निघायचं नाही. हुशार पोरं मागे जांभया द्यायची. सर म्हणायचे, "द्या जांभया. माशी तोंडात गेली तर मला सांगू नका." या माणसासाठी मी पुण्याची दोन चांगली स्थळं नाकारली, कारण शाळा सोडून जायचं जिवावर आलं. आई म्हणायची, तुला देव भेटला, नवरा कशाला भेटेल.

पुढे शाळा लातुरात आली. तोवर लातुरात क्लासचं पीक आलं होतं. गल्लीगल्लीत क्लास, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो. आमचाही क्लास निघाला, वसतिगृह निघालं. सरांचा मुलगा आलोक पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला आणि त्याने कार्यालयात काचेच्या चौकटीत 'आमची मूल्ये' टांगली. सचोटी, समता, संवेदना. मी म्हटलं, "आलोक, स वरून साखर राहिली की." सर खळखळून हसले. त्यांचं हसणं शेडमधलंच होतं, म्हणून बाकी काय बदललं ते मला दिसलं नाही.

आदल्या जूनच्या निकालात दहावीला आमची तीन मुलं नापास झाली होती. समोरच्या शाळेने आपल्या शंभर टक्के निकालाचा फलक नेमका सरांच्या खिडकीसमोर लावला. एप्रिलमध्ये सरांनी मला बोलावलं.

"इंदू, नववीतून दहावीत जाणारी कच्ची मुलं किती?"

"अकरा."

"यादी दे. जूनपासून सकाळी सहाला त्यांचा जादा तास. मी स्वतः घेतो. शेडमध्ये घ्यायचो तसा."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! रात्रभर जागून मी यादी केली. कोण कुठे अडतं, कोणाला कशाची भीती, सगळं नावासमोर लिहिलं. सर म्हणाले, "पालकांच्या सह्या लागतील. कोऱ्या अर्जावर घेऊन ये. वरचा मजकूर कार्यालयात टाईप करून घेऊ." आमच्याकडे हे नेहमीचंच. पालक खाली सही करतो, वरचं शाळा बघते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, पण आता वाटून काय उपयोग!

मे महिन्याच्या उन्हात एस.टी.ने, जीपने मी निलंगा, औसा, किल्लारी सगळं पालथं घातलं. किल्लारीत यादीतल्या शिवांगीच्या वडिलांनी, ग्यानोबांनी, पेन हातात धरून विचारलं, "वर काय लिव्हणार, बाई?"

"सकाळचा जादा तास. शिवांगीला सर स्वतः शिकवणार आहेत."

"सर? मंग इचारायचंच काय!" त्यांनी सही ठोकली. त्यांचा थोरला सिद्धराम शेडमध्येच शिकलेला, आता नांदेडला मास्तर होता. शिवांगीच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या हजेरीत मी नावं वाचत गेले आणि शिवांगीचं नाव आलंच नाही. पुन्हा वाचलं. अकरांपैकी एकही नाव नव्हतं. वर्गात ती मुलंही नव्हती. मला वाटलं, लिहिताना चूक झाली. कार्यालयात नरसिंग कारकुनाने फाईल पुढे केली. मी आणलेले अकरा अर्ज त्यात लावले होते. सह्यांच्या वर टाईप केलं होतं: घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्यास शाळेतून काढून घेत आहे, तरी दाखला मिळावा ही विनंती.

मी फाईल घेऊन तशीच सरांकडे गेले.

"बस, इंदू," सर म्हणाले. "मुलं वाऱ्यावर सोडलेली नाहीत. सतरा नंबरचा फॉर्म भरतील, बाहेरून परीक्षेला बसतील. त्यांचा निकाल आपल्या शाळेत धरला जाणार नाही, एवढंच."

"तुम्ही मला जादा तास म्हणाला होतात."

"खरं सांगितलं असतं तर तू सह्या आणल्या असत्यास?"

ज्या यादीत मी पोरांच्या अडचणी लिहिल्या होत्या, तीच त्यांच्या टेबलावर होती, आणि प्रत्येक नावासमोर लाल पेनाने बरोबरची खूण होती.

"संस्था टिकली तर मूल्यं टिकतात," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "तीनशे मुलांचा विचार करायचा की अकरांचा? पुढे उभ्या असलेल्या माणसाला हे ठरवावं लागतं."

"शेडमध्ये तुम्ही एकासाठी चाळीस जणांना थांबवायचात."

"शेडसमोर दुसरी शाळा नव्हती, इंदू."

ते हे अगदी सहज म्हणाले. पंधरा वर्षं मी ज्याला सरांचा स्वभाव समजत होते, ती नुसती सोय निघाली. मी म्हटलं, दाखले रद्द करा. ते म्हणाले, घरोघर पोहोचलेसुद्धा. मी हातातला खडू त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दुपारच्या एस.टी.ने किल्लारी गाठली.

ग्यानोबा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, खुर्ची आणली. राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"सरांचा फोन आलता," ते म्हणाले. "म्हणले, आमच्या इंदूबाई म्हणत्यात पोरगी टिकायची न्हाई. त्यांनीच नावं काढून दिली. सरांना लई वाईट वाटत व्हतं."

"मी असं म्हटलं नाही! ग्यानोबा, सरांनी फसवलं. तुम्हालाही आणि मलाही."

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. "बाई, सरांवर आळ घेऊ नगा. भूकंपात आमचं कुणी न्हवतं तवा त्या माणसानं माझा सिद्धराम उभा केला. मला सांगा, यादी तुमच्या हातची हाय का न्हाई?"

"आहे."

"सही तुमीच नेली का न्हाई?"

"हो."

"मंग!"

मी खूप बोलले. जादा तास, लाल खुणा, शंभर टक्के, सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले, चोरी पकडली गेलेल्या माणसाची सबब ऐकावी तसे. लक्ष्मीबाई या वेळी बाहेर आल्याच नाहीत.

पाण्याचा तांब्या घेऊन शिवांगी आली. गेल्या वर्षी अपूर्णांक दिसला की ही पोर रडायची.

"बाई, सुट्टीत मी अपूर्णांक केले. दादानं शिकवले. विचारा तुम्ही."

"राहू दे गं."

"विचारा ना."

"पाऊण आणि अर्धा?"

"सव्वा," तिने लगेच सांगितलं.

"बरोबर."

तिने तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "मग माझं नाव का दिलं, बाई?"