डोळ्यातली खिडकी

“मुनिबा, दिवे वाढवू नका. आधी एक बंद करून बघा,” असं कॅमेरा शिकवणारे चिन्मयसर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. मुनिबानं मान डोलावली आणि घरी येऊन मोबाइलवरून गोल दिव्याचा रिंगलाइट मागवला.

आखातात, बौशरच्या तिच्या घरात अंधाराला थारा नव्हता. लेक हिबा चालायला लागल्यापासून तर भर दुपारीही, ऊन नको म्हणून पडदे ओढून, चारी ट्यूब चालू. पोर काय उचलेल, काय तोंडात घालेल, नजर कशी चुकवेल! नवरा नुमान रुसैलच्या कारखान्यातून आला की डोळे चोळत म्हणायचा, “आमच्या गोडाउनातपण एवढा उजेड नाय गो!”

कॉलेजच्या कॅमेरावर्गात एकाच माणसाचा तीन मिनिटं चेहरा टिपायचा होता. तिनं शेजारच्या खुदेजाखालांना बसवलं. मूळच्या हर्णैच्या, लेकाकडे राहणाऱ्या. मुनिबाचा वर्ग असला की हिबा त्यांच्याच मांडीवर. चार ट्यूब, वर रिंगलाइट. क्लिप वर्गात लागली तेव्हा सर म्हणाले, “हा तर पासपोर्टचा फोटो झाला. ही बाई आहे कोण?” परत करायची एकच संधी होती, रविवारपर्यंत. नाहीतर नापास. “पोर दुसऱ्याकडे टाकून कसली शिकतेस?” हे सासूबाईंनी फोनवर आधीच विचारून ठेवलं होतं.

शनिवारी चारला हिबा झोपली, तेव्हा मुनिबानं छातीवर दगड ठेवून एकेक बटण बंद केलं. खिडकीचा पडदा बाजूला सारला. समोरच्या पांढऱ्या इमारतीवर आदळून ऊन मऊ झालं होतं, ते खालांच्या गालावर येऊन टेकलं. पण दुसरा गाल अजून फिकाच. घरातली पांढरी भिंत उजेड परत फेकत होती. काळं कापड उजेड गिळतं, सर म्हणाले होते. काळं कापड आणायचं कुठून? दाराशी खालांचा काळा पायघोळ अबाया लटकत होता. तिनं तो कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पसरला आणि स्टँड खालांच्या त्या दुसऱ्या गालाशेजारी सरकवला.

“अगो, माझा अबाया वाळत घातलास? तो धुतलाच नाय मी!”

“हलू नका, खाला.”

“अर्धं तोंड काळोखात ठेवतेस. मी काय चोर हाय?”

मुनिबानं चित्रण सुरू करून कॅमेऱ्याला डोळा लावला. रोज बघितलेला चेहरा पहिल्यांदाच दिसत होता. कपाळावरची एकेक रेघ, हनुवटीवरचा जुना व्रण, ओठांच्या कडेला दाबून धरलेलं हसू. सावलीनं जणू आतून कोरून वर आणलेलं. “या अल्ला,” ती पुटपुटली. काही वाढवलं नव्हतं, नुसतं काढून घेतलं होतं, तरी एवढं सगळं उगवलं?

तीन मिनिटं टिपून झाली, तशी ती आणखी जवळ गेली. दोन्ही डोळ्यांत एकेक इवलीशी खिडकी चमकत होती. उजव्या डोळ्यात खिडकीमागे काळीभोर बाहुली. डाव्या डोळ्यात मात्र काळं नव्हतंच. राख कालवल्यासारखं करडं.

“खाला, उजवा डोळा झाका. माझी बोटं किती?”

खालांनी उजवा डोळा झाकला. मग हळूच म्हणाल्या, “धुकं दिसतं गो. लेकाला सांगू नको, तो मला गावी धाडेल. मग हिबाला कोण बघेल?”

मुंगीसुद्धा नजरेतून सुटू नये म्हणून चार ट्यूब जाळणारी मुनिबा. आणि जिच्या मांडीवर पोर ठेवत होती, तिचा डोळा तिला दिसला नव्हता. तिनं कॅमेरा खाली ठेवला, खालांचा हात धरला आणि त्यांच्या लेकाला फोन लावला.

रविवारी क्लिप संपली तेव्हा सरांनी ती पुन्हा लावली. मग म्हणाले, “आता कळलं, ही बाई कोण आहे.” त्या वेळी खाला लेकाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. मोतीबिंदू, ऑपरेशन ठरलं. आणि लेक म्हणाला, “गावी कशाला? इथंच करू.”

तुमच्याकडेही असेल कुणी, ‘बरं दिसतं की मला’ म्हणणारं. आज चारला दिवे घालवा, त्यांना खिडकीशी बसवा आणि डोळ्यांतल्या दोन्ही खिडक्यांमागे काळं आहे ना, तेवढं बघा.