करंट माझ्यात नव्हता

मित्रांनो, मी एक जुना टेबल पंखा आहे. जवळ बसा, घाबरू नका. माझ्या नावाने जे काही ऐकलं असेल ते असो, मी कुणाला करंट मारत नाही. मारला असता तर फार बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. का ते सांगतो.

माझा जन्म वापीकडच्या एका कारखान्यात झाला. तीन पाती, पोटात तांब्याची गुंडाळी, पुढे जाळी आणि मानेत एक लहानसा गिअर. त्या गिअरमुळे मी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे बघत राहतो. चारोटीच्या एका दुकानात मी धूळ खात उभा होतो. तिथून महादेवदादांनी मला उचललं आणि डहाणूला आपल्या चिकूच्या वाडीत आणलं.

वाडीत पॅकिंगची शेड होती. झाडावरून उतरवलेले चिकू टाकीत धुवायचे, गोणपाटावर पसरायचे, माझ्या वाऱ्यावर सुकवायचे, मग लहानमोठे निवडून खोक्यात भरायचे. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया ओळीने बसून हे काम करत. मे महिन्यात तर माझा काय थाट! जो तो म्हणे, पंखा जरा इकडे करा. महादेवदादांची बायको मयुरावहिनी रोज स्वतः माझी जाळी पुसायच्या. मी थोडा चढून गेलो होतो, हे कबूल करायला हवं.

माझ्या अगदी समोरची जागा जमनाची. ती तलासरीकडून शेअर रिक्षाने यायची. हात चालू आणि तोंडही चालू. तिने सोबतिणींची थट्टा केली की अख्खी शेड हसायची. पदर खांद्यावर टाकून ती माझा वारा तोंडावर घ्यायची. मला ती आवडायची, सरळ सांगतो.

एके दिवशी दुपारी मी नेहमीसारखी मान वळवली. वारा जमनाच्या तोंडावर गेला आणि ती किंचाळली. हातातला चिकू पडला. डावा गाल दाबून ती दुमडून बसली.

"काय झालं गं?" मयुरावहिनींनी विचारलं.

"वहिनी, ह्या पंख्यातून करंट येते."

"अगं, तू त्याला हात तरी लावलास का?"

"हात नाय लावला. वारा लागला का गालात करंट मारते."

बाया घाबरल्या आणि माझ्यापासून दूर सरकल्या. वहिनींनी लगेच आशागडहून रविंद्रला बोलावलं. रविंद्र म्हणजे वायरमन. त्याने माझं पोट उघडलं, वायर बघितली, जाळीला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. मग त्याने सरळ उघडा हात माझ्यावर ठेवला.

"वहिनी, पंखा एकदम ओके आहे. आणि वाऱ्यातून कधी करंट येतो होय?"

सगळ्या हसल्या. मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. माझ्यावरचा आळ गेला म्हणून मी मनातल्या मनात ऐटीत होतो. पण मी खरा ठरलो म्हणजे जमना खोटी ठरली. माझं निर्दोष असणं तिच्या मुळावर आलं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तिथून पुढे तिचे हाल सुरू झाले. मी तिच्याकडे वळायला लागलो की ती पदर तोंडाभोवती गच्च आवळायची. माझी मान माझ्या ताब्यात नाही हो. बटण दाबलं की ती फिरणारच, आणि फिरली की जमनावर जाणारच. दरवेळी ती कळवळायची आणि दरवेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिचं बोलणं बंद झालं, कारण बोललं तरी कळ उठायची. भाकरी चावता येईना. ती डब्यात पेज आणायची आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून कशीबशी गिळायची. कामाचा वेग कमी झाला तेव्हा मयुरावहिनी म्हणाल्या, "कंटाळा आला असेल तर सरळ सांग ना, जमना. पंख्याचं नाव पुढे करून ढोंग कशाला करतेस?"

शेजारी बसणारी रूपी म्हणाली, "दाढ किडली असेल, काढून टाक." जमनाने बाजारातल्या एका दातवाल्याकडून दाढ काढून घेतली. दुखणं तसंच. मग शेजारची काढली. तरी तसंच. शेवटी तिने कामावर येणं सोडलं. इकडे बाया माझ्यासमोर बसायला कुरकुरायला लागल्या, म्हणून वहिनींनी मला आशागडला डॉ. सुषमांच्या दवाखान्यात देऊन टाकलं.

तिथे मी तपासणीच्या खोलीत उभा होतो. एका सकाळी जमना आत आली आणि मी तिला ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती. सोबत तिचा नवरा काळ्या होता.

"मॅडम, दोन दाढा काढल्या तरी दुखते," तो म्हणाला. "आता ही सांगते, उरलेले सगळे दात काढून टाका."

जमनाची नजर माझ्यावर गेली. ती दचकून मागे सरकली, पण मागे भिंत होती. आणि मी वळत होतो. एखादी वायर तुटावी, लाईट जावी, काहीतरी व्हावं, असं मला फार वाटलं. काही झालं नाही. वारा तिच्या गालावर गेला आणि ती जागच्या जागी ताठ झाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

डॉक्टर सुषमांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि उठून माझं बटण बंद केलं.

"गालात करंट मारल्यासारखं होतं का गं?"

जमना हमसून हमसून रडायला लागली. तो शब्द आजवर तिच्या एकटीचा होता.

डॉक्टरांनी समजावलं, "दात बिचारे चांगले होते. चेहऱ्याची एक शीर असते, ती बिघडली आहे. नुसता वारा लागला, चावलं, तोंड धुतलं, तरी ती झटका देते. दुखण्याच्या साध्या गोळीला ती दाद देत नाही. तिची गोळी वेगळी आहे."

त्यांनी रक्त तपासायला घेतलं, डोक्याचा फोटो काढायला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि अगदी कमी प्रमाणात गोळी सुरू केली. "अंगावर पुरळ आलं तर तडक माझ्याकडे ये. नाहीतर मनाने बंद करायची नाही."

गोळीने आधी चक्कर आली, झोप झोप झाली. दुखणं थोडंच उतरलं. डॉक्टरांनी हळूहळू गोळी वाढवली. जमना येत राहिली, आणि दरवेळी डॉक्टर आधी मला बंद करायच्या. एकदा ती आली ती बोलतच आली. भाकरी खाल्ली म्हणे, सुक्या बोंबलाबरोबर.

नेमक्या त्याच वेळी मयुरावहिनी आपलं बीपी तपासायला आल्या होत्या. जमना डॉक्टरांना म्हणाली, "पंखा लावा मॅडम, गरम होते."

बटण दाबलं गेलं. मी वळलो. भीत भीतच म्हणा. वारा तिच्या गालावर गेला, केस उडाले, आणि ती बोंबलाचंच सांगत राहिली. मयुरावहिनी मात्र एकटक बघत होत्या. बाहेर पडताना त्यांनी तिचा हात धरला.

"मला कळलं नाही गं, जमना. मी तुला ढोंगी म्हटलं."

"पंखा बघायला तुम्ही माणूस आणला, वहिनी," जमना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला बघायला कोण आणला नाय."

वहिनींनी मान खाली घातली. मलाही मान खाली घालायची होती, पण माझा स्क्रू घट्ट आहे.

मित्रांनो, आमची जाळी पुसा, तेलपाणी करा, हे सगळे जुने पंखे तुम्हाला सांगतातच. मी एवढंच मागतो. कुणी दुखतंय म्हणालं, अगदी वेड्यावाकड्या शब्दांत म्हणालं, तरी आधी त्याच्याजवळ बसा आणि कुठे ते विचारा. पंखा नंतर तपासा. योग्य गोळी मिळाली की कळ थांबते, हे मी माझ्यासमोर बघितलं. पण काढलेल्या दाढा गोळीने परत येत नाहीत. जमना आता पोटभर जेवते, मात्र एकाच बाजूने चावून.